रेखांकनाच्या कोपऱ्यातली नावं



आज पदवी स्वीकारणाऱ्या तुम्हा तरुण अभियंत्यांपैकी बरेच जण आता कन्सल्टन्सीत जाणार. कोणी स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे, कोणी सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर. दोन्हीकडे पैसा एकाचा, कल्पना दुसऱ्याची, हिशोब तिसऱ्याचा आणि मुदत सगळ्यांच्या डोक्यावर. अशा ठिकाणी भांडणं होतात. ती कशावरून होतात हे अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणून आज बोलतो. माझ्या अनुभवात गणितावरचा वाद क्वचितच चिघळतो, कारण गणित पुन्हा मांडून बघता येतं. चिघळतो तो ‘माझं कोणी ऐकलं नाही’ आणि ‘हे तर मी केलं होतं’ हा वाद.

सिडनी ऑपेरा हाउसचं चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. 1957 मध्ये यॉर्न उत्झन या डॅनिश वास्तुविशारदानं त्याची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्या शिडांसारख्या छतांना कोणतीही निश्चित भूमिती नव्हती. छत उभं कसं राहणार हे सोडवायचं काम ओवे अरुप यांच्या कन्सल्टन्सीकडे आलं. सरकारला घाई होती. लोकमत फिरेल, निधी अडकेल, या धास्तीनं 1959 मध्ये छताचं डिझाइन पक्कं नसताना पायथ्याचं बांधकाम सुरू झालं. वर किती वजन येणार हे माहीत नसताना खाली खांब उभे राहिले, आणि पुढे ते मजबूत करावे लागले. इथल्या प्रत्येक सिव्हिलवाल्याच्या पोटात गोळा यावा अशीच ही गोष्ट आहे.

अरुप यांचे अभियंते काही वर्षं आकार तपासत राहिले. पॅराबोला झाले, लंबगोल झाले. छताच्या प्रत्येक फासळीची वक्रता वेगळी, म्हणजे प्रत्येकीला वेगळा साचा. तो खर्च कोणालाच परवडणारा नव्हता. कार्यालयातही दोन तट पडले. रोनाल्ड जेन्किन्स यांनी आधीच्या दिशेवर अपार मेहनत घेतली होती. दिशा बदलली तेव्हा ते प्रकल्पातून बाजूला झाले आणि जॅक झुन्झ यांनी सूत्रं हाती घेतली. 1961 मध्ये उत्तर सापडलं. सगळी शिडं सुमारे 75 मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायची. वक्रता एकच, त्यामुळे साचे पुन्हा पुन्हा वापरता आले आणि काँक्रीटचे तुकडे बांधकामाच्या आवारातच आधी ओतून त्यांतून फासळ्या जोडता आल्या.

हे श्रेय कोणाचं? मला विचाराल तर कल्पना उत्झन यांची. पण त्याआधी जे आकार कागदावर मोडीत निघाले, त्यांच्याशिवाय ती इतक्या ठामपणे हाती लागली नसती. मोडीत निघालेलं गणितसुद्धा काम असतं. जेन्किन्स यांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

पुढे सरकार बदललं. नवे बांधकाम मंत्री डेव्हिस ह्यूज यांनी खर्चावर बोट ठेवून उत्झन यांची देयकं अडवली. फेब्रुवारी 1966 मध्ये उत्झन बाहेर पडले, सिडनी सोडून गेले आणि पूर्ण झालेली इमारत बघायला पुन्हा कधीच आले नाहीत. अरुप यांची कंपनी मात्र कामावर राहिली. उत्झन यांना तो विश्वासघात वाटला. अरुप यांच्या मते अर्धवट छत टाकून जाणं बेजबाबदारपणाचं होतं. त्याच वर्षी अरुप यांना ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. उत्झन यांच्या मनात तेव्हा काय आलं असेल, या विचारानं मला आजही वाईट वाटतं. 1973 मध्ये उद्घाटन झालं, खर्च 70 लाख डॉलरच्या अंदाजावरून 10 कोटी 20 लाखांवर गेला होता. त्या समारंभात उत्झन यांचं नावही घेतलं गेलं नाही. प्रित्झकर पुरस्कार त्यांना 2003 मध्ये मिळाला, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी. आणि ज्या पीटर हॉल यांनी उत्झन गेल्यावर आतली सभागृहं पूर्ण केली, त्यांच्या वाट्याला हयातभर बहुतेक टीकाच आली. ते 1995 मध्ये गेले.

यात मला कोणी खलपुरुष दिसत नाही. अरुप कामावर राहिले ते बरोबर होतं असंच माझं मत आहे. पण ते आणि उत्झन एकमेकांशी समोरासमोर बोलायचे थांबले आणि मधल्या माणसांमार्फत, पत्रांतून एकमेकांना कळू लागले. तेव्हापासून प्रत्येक तांत्रिक मुद्दा मानापमानाचा झाला. तुमच्या प्रकल्पात हे होऊ लागलं की ओळखा आणि ईमेल बंद करून त्या माणसाच्या टेबलापाशी जा. क्लायंटसमोर सहकाऱ्याला खोडू नका. मीटिंगच्या आधी खोडा, हवं तेवढं.

श्रेयाचं काम तर आणखी साधं आहे. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो: डिझाइन कोणी केलं, काढलं कोणी, तपासलं कोणी. त्या चौकटीत कित्येक ठिकाणी फक्त साहेबांची आद्याक्षरं असतात. रात्री दोनपर्यंत जागून मॉडेल चालवणाऱ्या मुलीचं नाव कुठेच नसतं. सॉफ्टवेअरवाल्यांकडे हीच गोष्ट प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर घडते. तुम्ही आज कनिष्ठ आहात, त्यामुळे ही चौकट बदलणं तुमच्या हाती नाही. पण चारपाच वर्षांत तुमच्या हाताखाली कोणीतरी येईल, तेव्हा असेल.

तोवर एक काम मागून घ्या. मीटिंगचे मिनिट्स लिहायला कोणी तयार नसतं, तुम्ही व्हा. कोणी कोणती शंका काढली, कोणता पर्याय का नाकारला, सूचना मूळची कोणाची, हे नावानिशी लिहा आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवा. ज्याचं म्हणणं फेटाळलं गेलं, त्याचंही नाव लिहा.