छोट्या आज्ञावली : त्यांची रचना आणि त्यांचे वाटप

(सिल्वासा येथे शिक्षक, ग्रामपंचायत कर्मचारी आणि शासकीय सेवक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दादरा आणि नगर हवेलीत एकच नाव दोन लिप्यांत लिहिले जाते, ही गोष्ट आपणांस नवी नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत मुलाचे नाव देवनागरीत चढते; त्याच घरातील दुसरा कागद गुजरातीत असतो, तिसरा इंग्रजीत. दाखला मिळविण्याची वेळ आली की या कागदांची गाठ पडते आणि मग एखाद्या वारली किंवा कोकणा कुटुंबातील बापाला, 'हा आणि तो एकच मुलगा' हे सिद्ध करीत कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आजचा विषय संगणकाचा असला तरी त्याचे मूळ या पायऱ्यांपाशी आहे.

या अडचणीवर कोणी उपाय करीत नाही असे नाही. कोठे एखादा उत्साही शिक्षक, कोठे एखादा तरुण लिपिक पायथन भाषेत दहा-वीस ओळींची आज्ञावली लिहितो. गुजराती यादी देवनागरीत येते आणि काम भागते. पुढे त्याची बदली होते, संगणक बदलला जातो आणि ती आज्ञावली नाहीशी होते. शेजारच्या कचेरीत दुसरा तरुण तेच काम पहिल्या ओळीपासून आरंभतो. विहीर खणावी, पाणी लागावे आणि ती बुजवून पुन्हा शेजारी खणावयास घ्यावी, तसा हा प्रकार होय. लिहिलेली आज्ञावली नीट बांधून सर्वांच्या हाती कशी द्यावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पायथन ही भाषा ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केली. तिचे नाव अजगरावरून नव्हे, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडले. या भाषेत इतरांना वापरता येईल अशा रीतीने बांधलेल्या आज्ञावलींच्या संचाला लायब्ररी म्हणतात. 'ग्रंथालय' हा प्रतिशब्द येथे फसवा आहे. सुताराची हत्यारांची पेटी म्हटले तर अर्थ अधिक जवळ येतो. अशा पेट्या जेथे सर्वांसाठी खुल्या ठेवल्या जातात त्या जाहीर कोठाराचे नाव पायपीआय. आज तेथे पाच लाखांहून अधिक संच आहेत आणि 'पिप' या साधनाला एका ओळीची आज्ञा दिली की हवा तो संच आपल्या यंत्रावर उतरतो.

आता आपल्या लिप्यांकडे येऊ. युनिकोड या जागतिक संकेतावलीत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५, गुजराती 'क' चा २७०९, अंतर ३८४. 'ख' घ्या, 'ग' घ्या, 'ळ' घ्या, अंकसुद्धा घ्या, अंतर तेच. हा योगायोग नव्हे. भारतीय लिप्या एकाच वर्णक्रमाच्या आहेत हे ओळखून आपल्या देशात 'इस्की' ही संकेतावली रचली गेली, आणि युनिकोडने तोच साचा उचलला. तेव्हा देवनागरीतून गुजरातीत जाण्यासाठी ३८४ मिळवावेत आणि परत येण्यासाठी ३८४ वजा करावेत, एवढ्यावर बरेचसे काम होते. नरोली, रखोली, दपाडा, खानवेल ही नावे या एका बेरजेने बिनचूक पलीकडे जातात.

परंतु मराठी माणसाचे घोडे नेमके पुढे अडते. 'कुऱ्हाडे' या आडनावातील अर्धा 'ऱ' गुजरातीत नाही. त्या क्रमांकावर तेथे रिकामी जागा आहे. 'ॲ' हे मराठी अक्षरही पलीकडे त्या अंतरावर नाही. गुजरातीत त्याचा जोडीदार निराळ्या क्रमांकावर बसला आहे. दंड हे विरामचिन्ह तर दोन्ही लिप्यांना सामाईक असल्याने त्यात ३८४ मिळविले की गोंधळच. त्याहून मोठी खोच म्हणजे 'कुऱ्हाडे' हे नाव देवनागरीतच तीन प्रकारे टंकित होऊ शकते. कोणी 'ऱ' ची कळ दाबतो, कोणी 'र' खाली नुक्ता देतो, कोणी साध्या 'र' ला हलन्त करून अदृश्य जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना तिन्ही सारखी, यंत्राला तिन्ही वेगळी. पायथनमधील प्रमाणीकरणाची तयार सोय पहिल्या दोहोंना एक करते. तिसऱ्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. एकाच गृहस्थाचे नाव यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाही, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

वर्णक्रमाचेही तसेच. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो; संकेतावलीत तो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. म्हणून संगणकाने लावलेल्या यादीत 'बाळू' हा 'बावजी' च्या आधी जाऊन बसतो. उलट, पायथन एका बाबतीत आपल्याला अनपेक्षित आदर देतो: '१२३' हे देवनागरी अंक त्याला दिले तर तो ती संख्या निमूटपणे समजून घेतो. गुजराती अंकांनाही तोच न्याय मिळतो.

हे सर्व नियम एका पेटीत बसवावयाचे तर पेटी कशी असावी? प्रथम, लहान असावी. लिपी बदलणे हे एक काम, यादी वर्णक्रमाने लावणे हे दुसरे. दोन्ही एकत्र कोंबू नयेत. केरळमधील संतोष तोट्टिंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सिल्पा' या नावाने भारतीय भाषांसाठी पायथनमध्ये मोठे काम उभे केले. पुढे त्याचे 'लिबइंडिक' या नावाखाली लहान लहान स्वतंत्र संच करण्यात आले. ज्याला शब्द तोडण्याचे नियम हवेत त्याने तेवढेच घ्यावेत, ही त्यातील सोय.

पेटीत आज्ञावलीचे एक दालन असते आणि चाचण्यांचे दुसरे. 'पायप्रोजेक्ट' नावाच्या एका धारिकेत संचाचे नाव, आवृत्ती आणि त्याला लागणाऱ्या इतर संचांची नोंद असते. सरकारी फाइलीवरील पहिली टिपणीच म्हणा ना. 'रीडमी' या धारिकेत संच काय करतो आणि काय करीत नाही हे सरळ भाषेत लिहावे. हे काम मात्र आज्ञावलीकारावर एकट्यावर सोडू नये. माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसाला आणि भाषाशिक्षकांना येथे पुष्कळ वाव आहे. चाचण्या तर शिक्षकांनीच पुरवाव्यात: 'कुऱ्हाडे' गुजरातीत कसे लिहावे आणि परत आणल्यावर 'ऱ' टिकला पाहिजे की नाही, याचा निर्णय भाषेचा आहे, यंत्राचा नव्हे. मात्र चाचणीसाठी शाळेचा खरा हजेरीपट कोणीही चढवू नये. मुलांची नावे ही त्यांची खाजगी माहिती असून २०२३ च्या केंद्रीय कायद्याने तिला संरक्षण दिलेले आहे. गावांची नावे आणि कल्पित आडनावे पुरेशी आहेत.

परवान्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. स्रोत नुसता उघडा ठेवला म्हणजे तो वापरण्याचा हक्क इतरांना मिळाला असे होत नाही. तसे लिहून द्यावे लागते. एमआयटी परवाना अगदी थोडक्यात सांगतो की नाव कायम ठेवा आणि हवे तसे वापरा. जीपीएल ही अट घालतो की सुधारून वाटाल तर सुधारणाही त्याच अटींवर खुली करा. शासकीय कामासाठी लिहिलेली आज्ञावली असेल तर परवाना निवडण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी अनुमती घ्यावी. शासकीय उपयोजनांचा स्रोत खुला करण्याविषयी भारत सरकारने २०१५ मध्ये धोरण जाहीर केलेले आहे; प्रस्तावात त्याचा आधार देता येईल.

एवढे करण्यापूर्वी आधी शोध घ्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मुंबईच्या आयआयटीत संशोधन केलेले अनूप कुंचुकुट्टन यांची 'इंडिक एनएलपी लायब्ररी' लिप्यंतराचे काम याच अंतराच्या तत्त्वावर करते, आणि ती एमआयटी परवान्याखाली आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने खास मराठीसाठी 'महाएनएलपी' हा संच प्रसिद्ध केला आहे. अशा संचात आपल्या गावांची नावे चुकत असतील तर ती चूक उदाहरणासह कळवावी, जमल्यास दुरुस्तीही पाठवावी. नव्या नावाचा स्वतःचा संच काढण्यापेक्षा हे कमी मिरविण्याजोगे आहे, पण पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते. पायथन शिकावयाची ज्यांची इच्छा असेल त्यांनी मुंबईच्या आयआयटीच्या 'फॉसी' आणि 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमांकडे पाहावे. स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत.

दुसऱ्याच्या संचावर विसंबण्यात धोका नाही काय, असा प्रश्न येथे साहजिक आहे. धोका आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या कोठारातून 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघा अकरा ओळींचा संच त्याच्या कर्त्याने काढून घेतला आणि जगभर असंख्य प्रकल्पांचे काम काही तास अडले. म्हणून वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक नोंदवून ठेवावा आणि एक प्रत आपल्याजवळ असावी.

प्रसिद्ध करणाऱ्याने आवृत्तीचा क्रमांक जपून द्यावा. पायपीआयवर एकदा चढविलेली धारिका त्याच नावाने पुन्हा चढविता येत नाही. चूक निघाली तर पुढचा क्रमांक घ्यावा लागतो. यासाठी 'टेस्ट-पायपीआय' हे स्वतंत्र कोठार आहे. तेथे आधी रंगीत तालीम करून पाहावी.

शेवटी किल्लीविषयी. २०२४ च्या आरंभापासून पायपीआयच्या प्रत्येक खातेदारास दुहेरी ओळख देणे सक्तीचे आहे, आणि ही दुसरी ओळख बहुधा कोणाच्या तरी खिशातील मोबाइलवर असते. तो कर्मचारी बदलून दमणला गेला की किल्लीही दमणला जाते. म्हणून संच चढवितानाच किमान दोघांना त्याचे मालक नेमावे, त्यांपैकी एक जण शक्यतो शाळेतील असावा. संकटकाळी वापरावयाचे संकेतांक कागदावर उतरवून ते बंद लिफाफ्यात कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावेत आणि कार्यभार सोपविताना भरावयाच्या यादीत त्या लिफाफ्याची एक ओळ वाढवावी.