राबत्या हातांचे काव्य

(भुसावळ येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अडचणीच्या दिवसांत काव्य कशाला, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. पावसाने ओढ दिली आहे, केळीला भाव नाही, विहिरीने तळ गाठला आहे. अशा वेळी कवितेची गोष्ट काढणे म्हणजे सुखवस्तू माणसाची चैन, अशी अनेकांची समजूत असते. या समजुतीचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. भुसावळहून जळगाव जवळ, आणि जळगावला लागूनच असोदा हे गाव. या गावी १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला.

बहिणाबाईंना फुरसत अशी कधी लाभलीच नाही. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि त्या जळगावच्या चौधरी घराण्यात आल्या. ऐन तिशीत वैधव्य आले. पदरी तीन मुले. अक्षरओळख नव्हती. पहाटे जाते, मग चूल, मग शेत, हाच त्यांचा दिनक्रम होता. त्यांचे काव्य जन्मले ते याच दिनक्रमात. जात्याच्या फेऱ्याने त्यांच्या शब्दांना लय दिली. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी, घरची चूल, पाखराचे घरटे हे त्यांचे विषय झाले आणि घरात बोलली जाणारी खानदेशी बोली ही त्यांची भाषा झाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. काव्यामुळे बहिणाबाईंचे कष्ट कमी झाले नाहीत. दळण तेवढेच राहिले, उन्हाची काहिलीही तेवढीच राहिली. परंतु दुःख सोसता सोसता त्या त्याच्याकडे पाहू शकल्या, त्याला नाव देऊ शकल्या, प्रसंगी त्याला हसूही शकल्या. संकटाशी झुंजणाऱ्या माणसाला हे बळ थोडेथोडके नव्हे.

आता दुसरी गोष्ट. ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी ऐकून टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. पुढे हे कागद आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आले आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. जे टिपले गेले ते महाराष्ट्राचे धन झाले. जे टिपले गेले नाही, ते त्यांच्याबरोबरच गेले. ज्या माउलीला अक्षरओळख नव्हती, तिचे नाव २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला देण्यात आले. त्या गौरवात गाणारीइतकाच ऐकून लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे.

खानदेशात याचे आणखी एक उदाहरण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी सहबंद्यांसमोर गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अशी अठरा प्रवचने झाली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकविणारा हा शिक्षक तुरुंगातही श्रोता आणि लेखनिक झाला, म्हणूनच 'गीता प्रवचने' आज घरोघरी वाचली जातात.

आपण दप्तराशी संबंध असलेली माणसे आहोत. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर असंख्य स्त्री-पुरुष राबले. किती हात कामावर होते, किती मजुरी वाटली, हे मस्टरवर चढले. त्या माणसांनी एकमेकांना धीर कोणत्या शब्दांत दिला, याला मस्टरमध्ये रकाना नव्हता. तो रकाना भरणे अजूनही काही अंशी आपल्या हाती आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यामानाने आपल्यापुढचे काम लहान आहे.

प्रत्येक शाळेने एक वही घालावी. मुलांनी घरच्या आजी-आजोबांकडून एखादी ओवी, एखादी म्हण, पेरणीच्या वेळचे एखादे गाणे, अडचणीच्या वर्षाची एखादी आठवण त्यांच्या संमतीने लिहून आणावी. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख खाली घालावी. शिक्षकांना माझी एकच विनंती आहे: त्या बोलीवर लाल शाई चालवू नका. ती शुद्ध करू गेलो, तर तिचा प्राण जाईल. ग्रामपंचायतीने ही वही आपल्या वाचनालयात किंवा कार्यालयात जपून ठेवावी. यासाठी अनुदान लागत नाही. ऐकणारा कान आणि थोडा वेळ लागतो.

वेळ मात्र थोडाच उरला आहे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरचे जाते कोपऱ्यात गेले. बायकांच्या खांद्यावरचा तो भार उतरला, हे चांगलेच झाले. पण जात्यावर बसून ज्यांनी ओव्या गायिल्या, त्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. दर वर्षी त्यांच्यापैकी काहीजणी आपल्यातून जातात आणि त्यांच्याबरोबर न लिहिलेली वहीही जाते. पुढची बहिणाबाई कदाचित आपल्याच गावात, आपल्याच आळीत बसली असेल. तिच्याजवळ बसून ऐकणारा सोपानदेव आपल्यातून निघावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.