चंदी, नाल आणि नवरदेव

लग्नसराई चालू आहे, तेव्हा वरातीच्या घोड्यापासूनच सुरुवात करतो. नवरदेवाचा फेटा, बॅंडवाल्याला सोडलेल्या फर्माइशी, मामांचं रुसणं, सगळीकडे आपलं लक्ष असतं. ज्याच्या पाठीवर नवरदेव बसलाय त्याच्या पोटात सकाळपासून काही गेलंय का, हे कोणी विचारत नाही. रस्त्यात लीद नको म्हणून मुद्दाम दाणावैरण तोडणारेही मला भेटलेत. रात्री घरी आल्यावर मात्र मायेपोटी घमेलंभर चंदी, म्हणजे दाणा, पुढ्यात येते आणि पहाटे आम्हा पशुवैद्यांचा फोन वाजतो.

घोडा हे सतत थोडं थोडं खाणारं जनावर. मोकळा सोडला तर दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरतो. चारशे किलोच्या या देहात जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि गिळलेलं ओकून टाकण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेलीच नाही. एकदम ओतलेला दाणा पुरता न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आंबतो, वायू धरतो. हाच पोटशूळ. घोडा वळून वळून कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, घाम फुटतो, लोळण घेतो. कुशीला कान लावा. एरवी तिथे गुरगुर चालू असते. ती थांबली असेल तर वेळ घालवू नका. चारा-दाणा काढून घ्या, झेपेल तेवढं हळूहळू चालवा आणि डॉक्टरांना बोलवा. बांबूच्या नळीने तेल पाजायचा मोह आवरा. ते तेल फुप्फुसात गेलं तर पोटाने वाचला असता तो घोडा न्यूमोनियाने जातो.

त्याच चंदीचा दुसरा फटका पायाला बसतो, हे पुष्कळांना पटत नाही. आतड्यात आंबलेल्या दाण्याचं विष रक्तात भिनतं आणि खुराच्या आतल्या नाजूक पडद्यांना सूज येते. वर कठीण कवच, सुजेला जागाच नाही. घोडा पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागे घेतो. खुराला हात लावला तर गरम लागतो. मालक म्हणतो, डांबरी रस्त्याने पाय पोळले. पोळतातही, नाही असं नाही. पण आधी काल काय खाल्लं ते सांगा!

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन पाहा. गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे भोवरे मोजतं, त्यातला शुभ मानलेला देवमण शोधतं, चारी पाय आणि तोंड पांढरं, म्हणजे पंचकल्याण आहे म्हणून खूश होतं. पाय उचलून तळवा बघणारा विरळाच. खरं तर खुराला कुजका वास येतोय का, नाल एका बाजूने झिजलाय का, याची किंमत भोवऱ्यापेक्षा जास्त. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा, नाल शाबूत दिसला तरी. आणि खिळ्याची जखम बारीक असली तरी धनुर्वाताची लस चुकवू नका; घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

पावसाळ्यात गोमाशा वाढल्या की सर्रा नावाचा रोग येतो. ताप येतो आणि जातो, पाय सुजतात, खाऊनपिऊन घोडा वाळत जातो. १८८० मध्ये पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबातल्या आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात याचा जंतू पाहिला. आज औषध आहे, पण रक्त तपासल्याशिवाय इंजेक्शन टोचणाऱ्यांपासून सांभाळा.

ग्लँडर्सबद्दल मात्र थोडं कडक बोलणार आहे. नाकातून चिकट, पिवळा शेंबूड, अंगावर फुटणाऱ्या गाठी, ताप. हा रोग माणसालाही होतो आणि माणूस दगावतो. यावर घोड्याला उपचार दिला जात नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रातून निदान पक्कं झालं की घोडा संपवावा लागतो. सरकारी भरपाई चांगल्या घोड्याच्या किमतीच्या जवळपासही जात नाही, म्हणून मालक आजार झाकतो, घोडा रातोरात दुसऱ्या गावी विकतो. ही भरपाई वाढली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर, संशय आला की घोडा वेगळा बांधा, त्याची बादली, खरारा, लगाम दुसऱ्याला वापरू नका आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नाक पुसायचं फडकं जाळून टाका, आणि ते पोराला जाळायला सांगू नका.