नावांचे स्मारक

आपल्याकडे पुष्कळ गावांच्या वेशीवर वीरगळ दिसतात. लढता लढता पडलेल्या माणसाची ती आठवण. वीराचं स्मारक करणं तसं सोपं असतं. त्याचा पराक्रम कोरला की झालं. पण ज्यांनी शस्त्र हाती धरलं नाही, केवळ अमुक जमातीत जन्मले म्हणून जे मारले गेले, अशा लाखोंचं स्मारक करायचं कसं? आफ्रिकेतल्या रवांडा या लहानशा देशापुढे हा प्रश्न उभा राहिला.

७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवस तिथे तुत्सी जमातीचा संहार चालला. त्याला विरोध करणारे हुतूही मारले गेले. मृतांची संख्या साधारणपणे आठ लाख सांगतात. रवांडाचं सरकार दहा लाखांहून अधिक सांगतं.

हे काही एका रात्रीत घडलं नाही. बेल्जियमच्या अमदानीत, १९३०च्या दशकात, ओळखपत्रावर जमात लिहिण्याची पद्धत पडली, आणि १९६२ साली देश स्वतंत्र झाल्यावरही ती चालू राहिली. शाळांतून मास्तर मुलांना जमातवारीने उभं करीत. पुढे १९९३ मध्ये एक खासगी रेडिओ केंद्र निघालं. त्यावरून तुत्सींना 'झुरळं' म्हटलं जाऊ लागलं. रेडिओवरच बोलताना हे सांगावं लागतं आहे, पण ते सांगितलंच पाहिजे. शेजाऱ्याला मारताना हात थरथरतो. झुरळ मारताना कुणाचा थरथरतो? म्हणजे माणसाचा जीव घेण्याआधी त्याचं नाव काढून घेतलं गेलं.

आता तिथली स्मारकं पाहा. न्यामाता गावी लोकांनी चर्चमध्ये आसरा घेतला होता. देवाच्या दारी कोण हात उगारील, असं त्यांना वाटलं. पण ते तिथेच मारले गेले. ती वास्तू तशीच जपली आहे, आणि बाकांवर मेलेल्यांचे कपडे ठेवले आहेत. मुराम्बी इथं तर बांधकाम चालू असलेली शाळाच वधभूमी झाली. राजधानी किगालीचं स्मारक २००४ साली उघडलं. तिथे अडीच लाखांहून अधिक माणसांचे अवशेष पुरले आहेत.

त्याच स्मारकात मुलांचं एक दालन आहे. मुलाचं छायाचित्र, खाली नाव, वय, आवडता खाऊ, आवडता खेळ, जिवाभावाचा सोबती. आणि शेवटी, मरण कसं आलं ते. अडीच लाखांचा आकडा ऐकून गप्प राहणारा माणूस इथे मात्र डोळे पुसतो. बाहेर नावांची एक भिंतही आहे. ती अजून अपुरी आहे, कारण कित्येक घरांत नाव सांगायला माणूसच उरलेलं नाही.

न्यामाता, मुराम्बी, किगाली आणि बिसेसेरो या चार स्थळांना २०२३ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. दरवर्षी ७ एप्रिलला देशभर स्मरण होतं.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा इतिहास वर्गात सांगताना आकडा जरूर सांगा, पण त्या दालनातल्या मुलांच्या खाऊची आणि खेळाची गोष्टही सांगा. आणि श्रोतेहो, चावडीवर किंवा बाजारात कुणी एखाद्या सबंध जमातीला किड्यामुंग्यांचं नाव देऊ लागलं, तर हसून सोडून देऊ नका. तिथल्या तिथे त्याला थांबवा. रवांडात हे थांबवणारे फार थोडे निघाले.