इंग्रजीच्या तासाला खेळाचे अंगण



चांदूर रेल्वे या गावाच्या नावातच एक इंग्रजी शब्द वसलेला आहे. याच जिल्ह्यातील चांदूर बाजार आणि हे चांदूर यांतील भेद त्या एका शब्दाने कळतो. या गावातील शाळेची पायरीही न चढलेल्या आजीला 'रेल्वे', 'तिकीट' किंवा 'सिग्नल' या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. 'प्लॅटफॉर्म'चा तर मराठी माणसाने 'फलाट' करून तो शब्द कायमचा आपलासा केला. हे शब्द कोणी पाठ केले नाहीत, त्यांची स्पेलिंगे कोणी दहा वेळा लिहून काढली नाहीत. गाडी पकडायची होती, तिकीट काढायचे होते. त्या गरजेतून शब्द जिभेवर आले आणि तेथेच स्थिरावले.

आता त्याच आजीच्या नातवाकडे पाहावे. मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून इंग्रजी शिकविले जात असे. जून २००० पासून ते पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. म्हणजे हा नातू शालान्त परीक्षेपर्यंत सलग दहा वर्षे इंग्रजी शिकतो. त्याला काळ ओळखता येतात, प्रयोग बदलता येतो, रिकाम्या जागा भरता येतात. परंतु पुण्यातील एखाद्या मुलाखतीत समोरच्याने साधे नाव-गाव विचारले, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. ज्ञान कमी पडले म्हणून तो गप्प बसलेला नसतो. आपण चुकू, आपले वऱ्हाडी वळण ऐकून कोणी हसेल, या धास्तीने त्याची जीभ जड झालेली असते. गुणवत्ता असूनही संधी हातची जाते आणि न्यूनगंड मात्र आयुष्यभर सोबत राहतो.

या एका मौनाची किंमत मराठी शाळेलाही मोजावी लागते. मुलाला इंग्रजी बोलता यावे, एवढ्या एकाच इच्छेपोटी पालक पदरमोड करून त्याला इंग्रजी माध्यमात घालतात. त्या पालकांना दोष देऊन काहीही साधणार नाही, कारण त्यांची इच्छा रास्तच आहे. चूक एवढीच, की भाषा शिकणे आणि त्या भाषेतून सर्व विषय शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी पटवून दिलेले नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. परंतु केवळ धोरणाच्या आधारावर शाळा टिकत नसतात. मराठी शाळेतील मूल आत्मविश्वासाने चार इंग्रजी वाक्ये बोलताना पालकांनी पाहिले, तरच त्यांचा विश्वास परत येईल.

हे घडावे कसे? बोलणे हे पोहण्यासारखे आहे. काठावर बसून पोहण्याचे नियम कितीही ऐकले तरी पोहता येत नाही, त्यासाठी पाण्यात उतरावे लागते. मात्र प्रथमच उतरणाऱ्याला पाणी उथळ हवे आणि बुडण्याची भीती नको. वर्गात असे उथळ, निर्भय पाणी निर्माण करण्याचे साधन म्हणजे खेळ.

खेळ आणि शिक्षण यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बालशिक्षणाला भीती आणि छडी यांच्या तावडीतून सोडवून कृती, गोष्ट आणि खेळ यांच्या हाती सोपविले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना १९१४ मध्ये झाली, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. त्यांतील कबड्डीचा नियमच पाहा. चढाई करणाऱ्याने एका दमात शब्द उच्चारीत राहिले पाहिजे. उच्चार तुटला की तो बाद. बोलणे हाच ज्याचा प्राण आहे, असा खेळ ज्या मातीत रुजला, त्या मातीतील मुलांनी भाषेच्या तासाला मुकेपणाने बसावे, हा विरोधाभास आहे.

इंग्रजीच्या तासाला लागणारे खेळ परदेशातून आणण्याची गरज नाही. ते आपल्या अंगणातच आहेत. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. आज्ञेपूर्वी 'शिवाजी म्हणतो' असे शब्द आले तरच ती पाळायची, एरव्ही स्तब्ध राहायचे. हाच खेळ 'शिवाजी सेज, टच युवर नोज', 'शिवाजी सेज, ओपन युवर बुक' असा खेळविला, की पहिली-दुसरीचे मूल एकही शब्द न बोलता इंग्रजी समजू लागते. भाषा प्रथम कानाने व शरीराने ग्रहण करावी आणि वाणी मागाहून यावी, या तत्त्वावर जेम्स अॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक अध्यापनपद्धती मांडली. आपल्या अंगणातील खेळात ते तत्त्व आधीपासूनच होते. दोन-चार दिवसांनी आज्ञा देण्याचे काम मुलांकडे सोपवावे. आज्ञा ऐकणारे मूल आज्ञा देऊ लागले, की ते बोलू लागले.

दुसरा खेळ भुलाबाईचा. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखण्याची चढाओढ लागते. गोड की तिखट? तळलेला की भाजलेला? उपासाला चालतो का? प्रश्न विचारीत विचारीत मुली उत्तरापर्यंत पोहोचतात. हाच डबा वर्गात आणावा आणि प्रश्न इंग्रजीतून विचारावेत : 'इज इट स्वीट?', 'इज इट राउंड?', 'डू वी ईट इट ऑन अ फास्ट?' इंग्रजीतील प्रश्नार्थक वाक्यरचना मुलांना सर्वांत जड जाते, कारण मराठीत 'का' जोडला की प्रश्न होतो, इंग्रजीत मात्र शब्दांची जागा बदलावी लागते. हा नियम फळ्यावर महिनाभर समजावूनही जो अंगवळणी पडत नाही, तो खाऊच्या ओढीने आठवडाभरात जिभेवर रुळू लागतो.

तिसरा खेळ तर या गावाच्या नावातच दडलेला आहे. रेल्वेचे वेळापत्रक घ्यावे. बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव, वर्धा अशी स्थानके आणि चार-पाच गाड्यांच्या वेळा यांचा साधा तक्ता करावा. त्यातील निम्म्या वेळा एका मुलाच्या कागदावर, उरलेल्या निम्म्या दुसऱ्याच्या. कागद एकमेकांना दाखवायचा नाही. विचारूनच तक्ता पूर्ण करायचा. 'व्हेन डज द ट्रेन रीच वर्धा?' हा प्रश्न येथे पुस्तकातील उदाहरण राहत नाही. उत्तर खरोखरच ठाऊक नसते, म्हणून तो विचारावा लागतो. नेहमीच्या वर्गात शिक्षक फळा दाखवून 'हे काय आहे?' असे विचारतात, तेव्हा उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. अशा प्रश्नाला संभाषण म्हणता येत नाही.

येथे एका भारतीय प्रयोगाचे स्मरण करणे उचित ठरेल. एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञाने १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू व मद्रास परिसरातील सामान्य शाळांत इंग्रजीच्या अध्यापनाचा एक वेगळा प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रके, प्रवासाचे आराखडे यांवर आधारित कामे मुलांपुढे ठेवली. मुलाचे लक्ष अर्थाकडे आणि हाती घेतलेल्या कामाकडे असते तेव्हा भाषेची रचना त्याच्या मनात अधिक चांगली आकार घेते, हा त्यामागील विचार होता. भाषाशिक्षणाच्या जागतिक चर्चेत या प्रयोगाला मानाचे स्थान मिळाले. प्रभूंनी एक सावधगिरीही सुचविली होती. मुले केवळ आपसांत बोलत राहिली तर एकमेकांच्या चुका पक्क्या होतील, म्हणून शिक्षकाशी होणारा संवाद त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे. तेव्हा मुलांना गट करून दिले म्हणजे शिक्षकाचे काम संपले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

खेळ यशस्वी व्हायचा तर काही पथ्ये पाळावी लागतात. न बोलता जो जिंकता येतो, तो भाषेचा खेळच नव्हे. म्हणून निवडतानाच ही कसोटी लावावी. खेळासाठी लागणारी तीन-चार वाक्ये आधी सर्वांकडून म्हणवून घ्यावीत, म्हणजे ऐन वेळी मुले मराठीकडे वळणार नाहीत. वेळ दहा-बारा मिनिटांचीच असावी. रंग चढलेला असतानाच खेळ थांबविला, तर मुले उद्याची वाट पाहतात. बोलणाऱ्याला मध्येच अडवून चूक दाखवू नये. चुका मनात टिपून, खेळ संपल्यावर कोणाचेही नाव न घेता फळ्यावर दुरुस्त कराव्यात.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य निराळेच आहे. आपल्या बहुतेक खेळांत चुकणारा बाद होतो. मैदानावर ते योग्यच आहे. पण भाषेच्या खेळात चुकणाऱ्यालाच सरावाची गरज सर्वाधिक असते. त्याला बाद करून कोपऱ्यात बसविले, तर हुशार मुले बोलत राहतील आणि मुके मूल अधिक मुके होईल. म्हणून 'शिवाजी म्हणतो'मध्ये जो चुकेल, त्यालाच पुढची आज्ञा देण्याचा मान द्यावा. गटातील प्रत्येकाकडे माहितीचा एकेक तुकडा असा सोपवावा, की मागच्या बाकावरील अबोल मुलगी बोलल्याशिवाय कोणाचाच तक्ता पूर्ण होणार नाही. आपल्या बोलण्यावाचून कोणाचे तरी अडते, हा अनुभव त्या मुलीला भाषेच्याही पलीकडचे काही देऊन जातो.

यावर शिक्षकांचे काही आक्षेप असतात आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. वर्गात साठ मुले, शेजारच्या वर्गाला होणारा गोंगाटाचा त्रास, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई, या अडचणी काल्पनिक नाहीत. परंतु दोन-दोनच्या जोड्या बाकावर बसल्या जागीही खेळू शकतात आणि त्यासाठी कागदाच्या चिठ्ठ्यांपलीकडे खर्च येत नाही. परीक्षेचा प्रश्नही आहेच. दहावीच्या भाषाविषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण मध्यंतरी रद्द झाले आणि २०१९ मध्ये पुन्हा बहाल झाले. ते गुण खैरातीसारखे वाटले, तर बोलण्याला किंमत उरत नाही. खऱ्या संभाषणावर दिले, तर वर्षभराच्या खेळाला आपोआप प्रतिष्ठा येते.

एक आक्षेप मात्र फारसा उघडपणे बोलला जात नाही. शिक्षकाला स्वतःलाच इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटत असतो. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. तोही त्याच मौनाच्या परंपरेतून आलेला असतो. त्याने मुलांसोबत खेळात उतरावे, चुकावे, हसावे आणि दुरुस्त करावे. गुरुजी चुकतात आणि तरीही बोलतात, हे पाहिलेले मूल चुकण्याला भिणार नाही. राहिला उच्चाराचा प्रश्न. इंग्रजी जगभर शेकडो वळणांनी बोलली जाते. त्यांत वऱ्हाडी वळणाची आणखी एक भर पडल्याने ती भाषा काही बिघडणार नाही.

खेळ म्हणजे जादूची कांडी नव्हे. वाचन, लेखन आणि व्याकरण यांची जागा तो घेऊ शकत नाही. तो त्यांच्याकडे जाणारे दार उघडतो. पालकांनीही घरी मुलाला 'किती मार्क पडले?' एवढेच न विचारता 'आज कोणता खेळ खेळलास, तो आम्हालाही शिकव' असे म्हणावे. ज्या घरात आई-वडील मुलाचे विद्यार्थी होतात, त्या घरातील मूल दोन्ही भाषांत मोकळे होते.

मातृभाषा हे आपले अंगण आहे आणि इंग्रजी हा घरासमोरून जाणारा रस्ता. अंगण सोडल्याशिवाय रस्त्यावर जाता येत नाही, असे मानण्याचे कारण नाही आणि रस्त्याच्या धास्तीने दार लावून बसण्याचेही कारण नाही. चांदूरच्या फलाटावरून रोज मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरच्या गावांना निघतात. त्यांच्या हाती तिकिटाबरोबर मोकळी वाणीही असावी, एवढे पाथेय त्यांना देणे शाळेला अशक्य नाही. त्याची सुरुवात उद्याच्या तासाला, पहिल्या दहा मिनिटांत, एका झाकलेल्या डब्याने करता येईल.