लाल सलाईन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, रहाटणी येथील भाषण)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. तो विषय आज बाजूला ठेवते. आपल्या ग्रुपवर दोघांनी घरच्या माणसाच्या केमोबद्दल विचारलं होतं, आणि त्यावर लगेच उत्तर आलं, "नॅनो औषध घेऊ नका, शरीर ते परकं समजतं." मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण आईच्या आजारपणात हे सगळं वाचावं लागलं.

आईला अंडाशयाचा कॅन्सर होता. तिला लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन दिलं, लालसर रंगाचं सलाईन. साधं डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करू शकतं, म्हणून ते चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरतात. एक पिशवी सुमारे 100 नॅनोमीटरची. आपला केस तिच्या शेकडो पट जाड. अमेरिकेत अशा औषधाला 1995 मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे हे काही कालचं नाही.

पिशवी रक्तात शिरताच प्रथिनं तिला चिकटतात आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळायला टपतात. गिळली, तर औषध गाठीपर्यंत पोचणार कसं? म्हणून वर पीईजी नावाच्या पॉलिमरचं आवरण असतं. त्यामुळे ती बराच वेळ निसटते, पण पहारा पूर्ण चुकवता येत नाही. काहींच्या रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनांची साखळी जागी होते. आईला पहिल्याच डोसला पाच मिनिटांत धाप लागली, चेहरा लालबुंद झाला, पाठ दुखू लागली. "बंद करायला सांग गं," एवढंच ती म्हणाली. सिस्टरांनी सलाईन थांबवलं, औषधं दिली आणि ती सावरल्यावर अगदी हळू धारेनं पुन्हा सुरू केलं. नेहमीच्या अ‍ॅलर्जीला त्या पदार्थाची आधीची ओळख लागते. इथे पहिल्या भेटीतच असं होऊ शकतं, आणि बहुतेकांना पुढच्या डोसला ते पुन्हा होत नाही. आईलाही झालं नाही.

म्हणजे ग्रुपवरचं वाक्य अर्धं खरं होतं. शरीर परकं समजतं, आणि लशीत तर तेच हवं असतं! पुण्याच्या सीरमनं बनवलेल्या कोवोव्हॅक्समध्ये कोरोनाच्या प्रथिनाचे नॅनोकण आहेत, सोबत क्विलाया झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनचे कण, पहारेकऱ्यांना हाक मारायला. इथून जवळच हिंजवडीत असलेल्या जिनोव्हाच्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली. ती साध्या फ्रिजच्या 2 ते 8 अंशांत टिकते. आपल्या मुलांनी घेतलेली हिपॅटायटिस बीची लसही 22 नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांचीच. तिच्याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

ज्यांच्या घरी हे सलाईन सुरू होणार आहे, त्यांनी आधीच्या सगळ्या अ‍ॅलर्जी डॉक्टरांना सांगा. पहिला डोस किती सावकाश देणार ते विचारा, आणि पहिला अर्धा तास पेशंटजवळून हलू नका. धाप लागली, तोंड लाल झालं, तर लगेच सिस्टरांना हाक मारा. पण ग्रुपवरचा मेसेज वाचून उपचार सोडू नका. काही अडलं तर मला फोन करा, रात्रीसुद्धा चालेल.