मिस्सेच्या वाटा



आयरिश भाषेंत रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात. ‘बो’ म्हणजे गाय. तेव्हां तो मूळचा गुरांचाच मार्ग. परंतु तेथील खेड्यांत माणसांनीं श्रद्धेनें पाडलेल्या पायवाटाही आहेत. १६९७ च्या कायद्यानें बिशप व व्रतस्थ धर्मगुरू देशाबाहेर घालविले गेले. तेव्हां लोक शेतांचे बांध ओलांडून आडबाजूच्या एखाद्या खडकापाशीं जमत. तो खडक हीच वेदी. १८२९ त बहुतेक निर्बंध उठले, देवळें वाढलीं. तरी ओढ्यांतील दगडांवर पाय देत आजीनातवंडें रविवारीं आडवाटेनेंच मिस्सेला जात.

ह्याच्या उलट, बटाट्याचें पीक कुजलें तेव्हां सरकारनें उपाशी माणसांना दुष्काळी कामावर खडी फोडावयास लाविलें. १८४७ च्या मार्चांत असे मजूर सात लाखांवर होते! त्यांचे कांहीं रस्ते ओसाड माळावर मध्येंच संपतात. दगडी म्हणून ते टिकले. मिस्सेच्या वाटेला मात्र पावलांवांचून दुसरा आधार नव्हता. मोटारी आल्या आणि ती काटेरी झुडपांत बुजूं लागली. कित्येक गांवकऱ्यांनीं आतां कोयते घेऊन अशा वाटा पुन्हां मोकळ्या केल्या आहेत.